मागून येणारीचा वाटा

डुमसच्या किनाऱ्यावर सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून बसतात. आमचे घरमालक काका समुद्राकडे पाठ करून, भज्यांच्या गाडीकडे तोंड करून बसायचे. काळ्या वाळूवर सतरंजी टाकायची, काकींनी घरून आणलेल्या ताटल्या मांडायच्या, आणि मग ते गाडीवाल्याला हाक मारून सांगायचे, "पाच प्लेट." आम्ही होतो चौघं. काका, काकी, मी आणि माझे यजमान. कंदाच्या जाड चकत्या बेसनात बुडवून, वरून भरडलेले धणे-मिरी दाबून तळलेली ती भजी. तिथे त्यांना रताळु पुरी म्हणतात. आम्ही पहिल्यांदा बरोबर गेलो तेव्हा गाडीवाल्याने आमच्याकडे बघून विचारलं, "काका, पांचमुं कोण छे?"

काका म्हणाले, "ती मागून येतेय."

इतकं सहज म्हणाले की गाडीवाल्याने मान उंच करून रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सरूच्या झाडांमधून रस्ता स्वच्छ दिसत होता. कुणी येत नव्हतं.

आमचं खाऊन झालं तरी पाचवी ताटली तशीच होती. निघायच्या वेळी काकांनी त्यातली भजी वर्तमानपत्रात बांधली आणि एकटेच पाण्याच्या कडेला गेले. तिथे गेल्यावर ते आमच्याकडे वळले, म्हणजे पाण्याकडे पाठ झाली, आणि पुडा धरलेला हात त्यांनी मागे नेला. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काही द्यावं तसा. लगेच सोडला नाही. थोडा वेळ थांबले. मग लाट आली आणि हात रिकामा पुढे आला.

"देवाला देत असतील," आमचे हे म्हणाले. काकी ताटल्या पुसत होत्या.

काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. गोडादऱ्यात त्यांचं घर होतं, खाली ते दोघं आणि वर आम्ही. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे. हे इच्छापोरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. आम्ही सिन्नरकडचे, सुरतेत नवखे. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "मागून कुणी यायचंय का?"

मी म्हटलं, सासूबाई येतील नंतर केव्हातरी, दिवाळीनंतर.

"मग आधी त्यांना घेऊन या," काका म्हणाले. "त्या आल्याशिवाय किल्ली देत नाही."

आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. शेवटी ह्यांनी सिन्नरला जाऊन सासूबाईंना आणलं. काकांनी त्यांना हात धरून जिना चढवला, खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग किल्ली माझ्या हातात ठेवली. सासूबाई चार घटका बसल्या, "इथे फार खडखडाट आहे बाई," म्हणाल्या आणि परत गेल्या. त्याचं काकांना काही नव्हतं. त्या एकदा आल्या होत्या, तेवढं त्यांना पुरलं.

खडखडाट मागांचा. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात यंत्रमाग होते आणि त्यांचा आवाज कधी थांबायचा नाही. काका स्वतः एका रंगाईच्या मिलमध्ये फोरमन होते, आम्ही आलो तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. उंच, कोरडे, कानावर केस असलेले. मराठी आमच्याशी बोलायचे, काकींशी अहिराणी आणि गाडीशी गुजराती.

ती गाडी म्हणजे गोडादऱ्याचं नवल होतं. मिलच्या कामगारांना ने-आण करणारी जुनी मिनीबस भंगारात निघाली तेव्हा काकांनी ती घेतली आणि तिचं घर केलं. सीटा काढून दोन्ही बाजूंना पलंग केले. मधे ओटा, त्यात स्टोव्ह घट्ट बसेल अशी खोलगट जागा, भांडी घरंगळू नयेत म्हणून फळ्यांना पट्ट्या. मागच्या कोपऱ्यात मोरी, टपावर पाण्याची टाकी, ड्रायव्हरच्या मागे तेलाच्या डब्यात तुळस. आणि दाराला उंबरठा. चांगला सागवानी, हातभर रुंद. गाडीत चढताना प्रत्येक जण त्याला अडखळायचा. ह्यांनी एकदा म्हटलं, "काका, हा काढून टाका, कुणीतरी पडेल." काका म्हणाले, "उंबरठा नसला तर ते घर कसलं? आलेल्या माणसाने थांबायचं कुठे?" शेजारपाजारचे गुजराती लोक गाडीला 'हरतुं फरतुं घर' म्हणायचे. सणासुदीला काकी त्या उंबरठ्यावर रांगोळी काढायच्या आणि काका गाडी तशीच हळूहळू चालवत न्यायचे, रांगोळी विस्कटू नये म्हणून.

गाडी कुठेही लावताना तिचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे, हा त्यांचा नेम. जागा अडचणीची असली, लोक हॉर्न वाजवत असले, तरी पुढे-मागे करून ते गाडी वळवूनच लावायचे. "निघायची वेळ आली की वळवत बसायला सवड नसते," म्हणायचे.

सुट्टी लागली की आम्ही चौघं निघायचो. उभराट, तिथल, उनाई, डांग. काकांची फिरण्याची रीत उलटी होती. देऊळ, किल्ला, गरम पाण्याचं कुंड, हे सगळं ते आम्हाला लांबून दाखवायचे, "जा, बघून या." स्वतः मात्र तिथली माणसं काय खातात ते शोधत फिरायचे. "डोळ्याला काय, काहीही सुंदर दिसतं. गाव कळतं ते जिभेला." हिवाळ्यात वलसाडच्या रस्त्यावर मडक्यात पाला घालून, मडकं उपडं ठेवून, वर विस्तव करून कंद-पापडी भाजतात, त्याला उबाडियुं म्हणतात. तो पाला उलगडताना निघणारा वास मी अजून विसरलेले नाही. तापीकाठी पोंक मिळायचा, आपला हुरडाच, पण शेवेबरोबर आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर. व्याऱ्याला पातरा, म्हणजे अळूवडी. प्रत्येक ठिकाणी काका पहिला घास खाऊन डोळे मिटायचे आणि काहीतरी कमी काढायचे. ओवा कमी आहे. तेल जुनं आहे. बेसन फार बारीक दळलंय. "तिला नाही आवडणार," असं म्हणून वर एक वाटा जास्तीचा घ्यायचे. तो वाटा गाडीत उंबरठ्याच्या आतल्या बाजूला ठेवायचा आणि घरी पोचण्याआधी तापीच्या पाण्यात सोडायचा, पाठ करून. त्याला कुणी हात लावायचा नाही.

ती कोण, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. मग डांगात एक गोष्ट घडली.

आहव्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक झोपडीवजा खाणावळ होती. भरदुपार, साग वाळलेले, वाऱ्याचं नाव नाही. एक म्हातारी नाचणीच्या भाकरी थापत होती. आम्ही खाटेवर बसलो. काका हात धुवायला मागे गेलेले, त्यांनी अजून काही सांगितलेलंही नव्हतं. म्हातारीने आमच्यासमोर पानं मांडली आणि एक पान हातात धरून गाडीकडे बघत राहिली.

"गाडीतली म्हातारी उतरत नाय का?" तिने विचारलं.

हे हसले. "गाडीत कुणी नाही, आजी."

"दारात बसलीय ना," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी गाडीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत काळोख, उंबरठ्यावर ऊन. कुणी नव्हतं. पण मला उठून तिथे जावंसं वाटलं नाही, हेही खरं. तेवढ्यात काका आले. म्हातारीने काय विचारलं ते काकींनी त्यांना हलक्या आवाजात सांगितलं. काकांनी ते पान घेतलं, त्यावर भाकरी आणि उडदाची आमटी वाढली आणि नेऊन उंबरठ्यावर ठेवलं. येऊन जेवायला बसले. त्या दिवशी त्यांनी भाकरीत काही कमी काढलं नाही.

परत आल्यावर मी काकींना गाठलं. त्या गच्चीवर बिबडे घालत होत्या. ज्वारीचा चीक कापडावर पसरवता पसरवता त्यांनी मला सगळं सांगितलं, वर न बघता.

काकांचं गाव उकाईच्या धरणात गेलं होतं. आई लहानपणीच वारलेली. फुईने, म्हणजे आत्याने, त्यांना वाढवलं. ती बालविधवा. आठवड्याच्या बाजारात भजी आणि गोडी शेव विकायची, त्यावर घर चालायचं. धरणाचं पाणी चढायला लागलं तशी गावं उठली, उंचावर नवी वस्ती झाली. काका तेव्हा तिशी उलटलेले, बिनलग्नाचे होते. शेवटच्या बैलगाडीत त्यांनी सामान भरलं, फुईला म्हणाले, चल. फुई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी मांगून येस." मागून येते. चूल सारवायची राहिलीय, म्हणाली.

"जी चूल बुडायची ती सारवायची होती बाईला," काकी म्हणाल्या.

काका सामान उतरवून रिकामी गाडी घेऊन परत आले तेव्हा मधल्या नाल्याला पाणी भरलं होतं. पलीकडे घर दिसत होतं. ते अलीकडून हाका मारत राहिले. उत्तर आलं नाही. नाला त्यांना ओलांडता आला नाही. नंतर कुणी म्हणालं ती दुसऱ्या वाटेने नातेवाइकांकडे गेली, कुणी म्हणालं कुणाच्या तरी गाडीत बसताना पाहिली. पण ती कुणालाच सापडली नाही. काका सुरतेला आले आणि मिलमध्ये लागले. लग्न त्यानंतर झालं. काकींनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं.

"पण मला विचार," काकी म्हणाल्या, "कुणाच्या दारात कडुलिंब आणि कुणाच्या दारात शेवगा, सगळं सांगते. इतकी वर्षं तेच ऐकत आले."

मग मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. प्लेगच्या साथीत सुरत रिकामी झाली, तेव्हाचे काका आठवले. आमच्या गल्लीतले माग बंद पडले होते आणि त्या शांततेने कान दुखायचे. लोक मिळेल त्या वाहनाने खानदेशात पळत होते. काकांनी आम्हाला गाडीत बसवलं, पण गाडी शहराबाहेर काढली नाही. बंद दारांच्या गल्ल्यांमधून, भर उन्हात, ती सावकाश फिरवत राहिले आणि खिडकीतून ओरडत राहिले, "कुणी मागे राहिलंय का?" एका खोलीत तापाने पडलेला एकटा माग-कामगार सापडला, दुसरीकडे एक म्हातारी, जिला मुलं 'न्यायला येतो' सांगून गेली होती. त्यांना दवाखान्यात पोचवल्यावरच आम्ही निघालो. लोक तेव्हा म्हणाले, केवढा धीराचा माणूस. मी शेजारी बसले होते. मला त्यांचे हात दिसत होते. स्टिअरिंग धरूनही ते थांबत नव्हते, इतके कापत होते.

त्यानंतर एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात सोनगडहून काकांच्या चुलतभावाचा निरोप आला की धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं उतरलंय आणि गावाचं देऊळ अख्खं उघडं पडलंय. काकांनी निरोप ऐकला आणि गाडी धुवायला काढली.

शाळा उघडायला अजून अवकाश होता. काकींनी मला विचारलं, "येशील का गं आमच्याबरोबर?" त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही गेलो.

त्या दिवशी बारडोली गेली, व्यारा गेलं, काका कुठेही थांबले नाहीत. काकींनी विचारलं, "काही लेवानं नई का?" घ्यायचं नाही का काही, म्हणून. काका म्हणाले, "आज फुईकडेच जेवण शे." गाडीत बेसन, तेल, ओवा, कांदे सगळं घेतलेलं होतं.

चुलतभाऊ नव्या वस्तीत राहायचा. तिथे न थांबता काकांनी गाडी सरळ उतारावरून खाली, तलावाच्या उघड्या तळात घातली. असा देखावा मी पुन्हा कधी पाहिला नाही. नजर जाईल तिथवर भेगाळलेला करडा गाळ. त्यात पाण्याने सोललेली, पांढरी पडलेली झाडांची खोडं, फांद्यांसकट उभी. शिंपले. पक्षी नाही, गुरं नाहीत, आपल्याच चाकांचा आवाज. लांब उन्हात पाण्याची एक चकचकीत रेघ. कोरडा नाला ओलांडून पलीकडे गेलो आणि गाव आलं. म्हणजे जोती आली. दगडी जोती, मधे रस्त्यासारखी मोकळी जागा, आणि दार नसलेलं देऊळ.

काका दाखवायला लागले. इथे वाण्याचं दुकान. इथे बाजार भरायचा. एरवी प्रेक्षणीय जागांकडे न बघणारा हा माणूस एकेका दगडापाशी गाडी थांबवत होता. "आणि हा पार," ते म्हणाले.

"नई," काकी म्हणाल्या. "पार त्या आंगे व्हता." त्यांनी दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. काका गोंधळले. आम्ही उतरून बघितलं. गाळाखाली गोल रचलेले दगड होते, मधे झाडाचा कुजलेला बुंधा. पार काकींनी दाखवला त्याच बाजूला होता. काकी मात्र पुढे चालत गेल्या होत्या. वळणावर त्या कुणाला न विचारता डावीकडे वळल्या आणि एका घरासमोर जाऊन थांबल्या. दोन दगडी भिंती कमरेच्या वर शाबूत होत्या. दारात दगडी उंबरठा. आत जमिनीत पुरलेली जात्याची खालची तळी, वरची कुणी नेलेली.

काकांनी गाडी त्या दारासमोर लावली. तोंड घराकडे करून. रस्त्याकडे नाही. माझ्या आणि ह्यांच्या एकदमच लक्षात आलं.

त्यांनी स्वतः भजी तळली. फुईची पद्धत, कांदा हाताने चुरून, ओवा तळहातावर चोळून. आम्ही भिंतीच्या अरुंद सावलीत बसून खाल्ली. पाचवी ताटली त्यांनी जात्यापाशी ठेवली. पहिला घास घेऊन डोळे मिटले. कमी काहीच काढलं नाही.

ऊन कलायच्या आत वर जाऊ, असं हे म्हणाले. तेव्हा काका काकींकडे बघून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो."

काकींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि आम्हाला घेऊन चालायला लागल्या. वाटेत एकदाही मागे बघितलं नाही.

काका आले नाहीत. ते तिथेच राहिले, गाडीत. आम्ही चुलतभावाकडे. दिवसातून एकदा, दुपारी, ते पाण्याची कळशी भरायला वर यायचे. चेहरा शांत असायचा. चहा घ्यायचे आणि परत खाली जायचे. चुलतभाऊ समजावून थकला. काकी नुसत्या ओसरीवर बसून खालच्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे, गाडीकडे बघत असायच्या. आमचा पाय निघेना. त्यांना तशा सोडून जाणार कसं?

आमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र होतं. पण पाऊस तिकडे वर, तापीच्या उगमाकडे झाला. एका सकाळी चुलतभाऊ म्हणाला, "पानी येई राह्यनं." मी पाहिलं. लांबची चकचकीत रेघ जाड झाली होती. एवढंच.

दुपारी काका कळशी घेऊन वर आले. चुलतभावाने त्यांना पाणी दाखवलं. "दिसतंय," काका म्हणाले आणि चहाला बसले. कप तोंडाला लावता लावता त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "ती कुठाय?"

काकी घरात नव्हत्या. मागच्या दारी नव्हत्या. चुलतभावाची सून ओढणी सावरत पुढे आली. म्हणाली, काकी मघाशीच आडवाटेने खाली गेल्या. निरोप ठेवलाय. त्यांना म्हणावं, तुम्ही व्हा पुढे.

कप काकांच्या हातातून पडला नाही. त्यांनी तो नीट खाली ठेवला. मग ते धावत सुटले. त्या वयाचा माणूस तसा धावताना मी पाहिलेला नाही. आम्ही मागे.

नाल्यात पाणी आलं होतं. पण नाला वाहतो तसं नाही. ते खालून वर चढत होतं, मुखाकडून उलटं, काही आवाज न करता. पुढच्या कडेला वाळकं गवत, शेण आणि काळ्या मुंग्यांचे तरंगते पुंजके. पलीकडे घराच्या दोन भिंती दिसत होत्या, दारात गाडी. माणूस दिसत नव्हतं.

काका काठाला थांबले. त्यांनी काकींना नावाने हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर आलं नाही. हे त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच ते पाण्यात उतरले होते. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. मधे एकदा त्यांचा तोल गेला, ते खाली गेले आणि वर आले. ह्यांनीही उडी घेतली. मी काठावर उभी राहून कुणाकुणाची नावं घेत होते, मला आठवत नाही.

काका भिंतीआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग दिसले. काकींना त्यांनी दोन्ही दंडांना धरलं होतं, आणि काकी जड पायांनी चालत होत्या, मान मागे वळलेली. मला वाटलं, भीतीने गारठल्यात. ह्यांनी दुसरीकडून हात दिला. तिघं नाला ओलांडून आले तेव्हा पाणी छातीच्या वर गेलं होतं.

काठावर बसून काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मी उशीर तं नई कया ना?"

"नई," काकी म्हणाल्या. "टाइमवर उनात तुम्ही." वेळेवर आलात, म्हणून.

तेव्हा काका रडले. हमसून नाही, नुसतं तोंड उघडं ठेवून. त्यांच्या पाठीवर काकींचा हात होता. काकींनी हे ठरवून केलं होतं, हे मला तिथेच कळलं. ज्या हाकेला उत्तर आलं नव्हतं तिथवर त्यांनी काकांना पुन्हा नेलं होतं, आणि या वेळी पलीकडे जिवंत माणूस बसवलं होतं.

गाडी तिथेच राहिली. काढायला वेळही नव्हता आणि काकांनी तसं कुणाला म्हटलंही नाही. संध्याकाळपर्यंत ते ओसरीवर पाण्याकडे तोंड करून बसले होते. चाकं गेली, खिडक्या गेल्या, टपावरची टाकी तेवढी उरली, मग तीही गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने सुरतेला आलो. वाटेत व्याऱ्याला काकांनी पातरा घेतला. चार पुडे. सोडवून खायला लागले आणि म्हणाले, "चांगलाय."

त्यानंतर ते इतर माणसांसारखेच झाले. सकाळी फिरायला जायचे, पेपर वाचायचे, नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडायचे. गल्लीतले लोक गाडीची चौकशी करायचे, तर "विकली" म्हणून सांगायचे.

काही वर्षांनी ह्यांना नाशिकला नोकरी मिळाली आणि आम्ही सुरत सोडली. निघायच्या दिवशी खाली सामान ट्रकमध्ये चढत होतं. काका दोरी कशी आवळायची ते हमालांना शिकवत होते. मी काकींना भेटायला आत गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं. त्या दिवशी तिथे एकट्या बसलात, भीती नाही वाटली?

"पाण्याची नाही," काकी म्हणाल्या. "मी तापीकाठची, पोहता येतं मला. ठरवूनच गेले होते. पाणी उंबऱ्याला लागलं की उठायचं आणि बाहेर पडायचं. हे येवोत न येवोत."

"मग?"

"जात्यावर बसले होते. पाणी उंबऱ्याला लागलं. आत आलं. पायाला लागलं." त्यांनी मेथीची एक काडी हातात धरली आणि तिची पानं खुडायची विसरल्या. "उठावंसंच वाटेना गं. ह्यांच्या हाका ऐकू येत होत्या. लांबून, दुसऱ्याच कुणाला मारल्यासारख्या. मला राग येत होता. वाटत होतं, कशाला ओरडतायत हे, इतकं बरं वाटतंय इथे. हे आत आले, हात धरला, तर मी हात झटकला. ओढून काढलं मला त्यांनी."

बाहेर काका हमालांवर खेकसत होते. काकींनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"फुई वाट बघत बसली होती आणि मी पोचलो नाही, असं त्यांना जन्मभर वाटत आलंय. ती वाट बघत नव्हती. पण हे त्यांना सांगू नकोस."

मी मान हलवली. त्यांच्या हातातली जुडी घेतली आणि ट्रक भरून होईपर्यंत आम्ही दोघींनी मेथी निवडली.